आधी उतार, मग इतिहास: मुलांना स्वतःचा परिसर शोधायला कसं न्यावं

परिसराची ओळख करून द्यायला मुलांना बाहेर नेलं, की मोठी माणसं सहसा सर्वांत जुन्या इमारतीसमोर जाऊन उभी राहतात. ती कोणी बांधली, कोणत्या साली बांधली, तिथे काय घडलं, हे सांगून होतं. मुलं ऐकतात, फोटो काढतात आणि परत येतात. त्यात त्यांनी स्वतः शोधलेलं काही नसतं. ती इमारत तिथेच का, पन्नास पावलं अलीकडे का नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा हवा. आधी जमिनीचा उतार, मग उतारावरून वाहणारं पाणी, मग त्या पाण्यावर जगणारी झाडंपाखरं आणि शेवटी माणसं. या वाटेने गेलेली मुलं इतिहासाचे प्रश्न आपणहून विचारू लागतात, कारण तोवर वस्ती कुठे का वसली असेल याचा अंदाज त्यांनी बांधलेला असतो.

ही दृष्टी नवी नाही. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एका खोऱ्याचा उभा छेद काढत आणि त्यावर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, कोळी यांच्या जागा दाखवत. जमिनीचा चढउतार माणसांची कामं ठरवतो, हे त्यांना सांगायचं होतं. १८९२ मध्ये एडिंबरा शहरात त्यांनी आउटलुक टॉवर घेतला. तिथे आलेला माणूस आधी वर जाऊन भोवतालचं शहर पाहायचा आणि मग एकेक मजला उतरत देश, खंड आणि जग यांच्याकडे वळायचा. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

पुढची पद्धत साधारण १० ते १६ वयाच्या मुलांसाठी आहे. शिक्षक, पालक, ग्रंथालयात काम करणारे, कोणीही ती वापरू शकतात. पूर्ण व्हायला वर्ष लागतं. घाई असेल तर तीन महिन्यांत निम्मं काम होतं, पण ऋतू पुन्हा फिरून येताना पाहण्याची संधी हुकते.

तुकडा लहान घ्या

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांत चालत जाता येईल एवढाच भाग निवडा. वर्षातून एकदा दूरच्या जंगलात जाण्यापेक्षा हाच तुकडा महिन्यातून दोनदा पाहणं मला कितीतरी मोलाचं वाटतं. आधी पाहून ठेवलेलं असेल तरच काय बदललं ते कळतं.

जागा देखणी असण्याची गरज नाही. त्यात थोडा तरी चढउतार असावा, पावसाचं पाणी जाण्याची काही वाट असावी, कोणी निगा न राखलेला एखादा कोपरा असावा आणि निदान पन्नास वर्षं जुनं असं काहीतरी असावं. मोकळा भूखंड, रूळांच्या कडेची पट्टी, शाळेच्या मागची भिंत चालते. निगा न राखलेला कोपरा मात्र सोडू नका. बागेत काय उगवावं हे माळी ठरवतो, पडीक जागेत ते माती आणि वारा ठरवतात, त्यामुळे शिकायला तिथे जास्त असतं.

मुलांना नेण्याआधी तो भाग स्वतः दोनदा चाला, एकदा सकाळी आणि एकदा मुलं ज्या वेळी जाणार त्या वेळी. वाहनं, कुत्री, उघडी गटारं, कठडा नसलेल्या विहिरी, ढासळत्या भिंती नकाशावर टिपून ठेवा. खासगी जागेत शिरायचं असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या. गटात कोणाला चालायला त्रास होत असेल तर रस्ता त्याच्या सोयीने आखा. मागून बदल करण्यापेक्षा ते सोपं पडतं आणि त्या मुलाला आपल्यामुळे सगळे अडले असं वाटत नाही.

सोबत काय असावं

सहा ते आठ मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. प्रत्येक मुलाकडे कोऱ्या पानांची वही आणि पेन्सिल द्या, कारण शाई पावसात पसरते. गटासाठी एक लांब टेप, नसेल तर दर मीटरला गाठ मारलेली दोरी. दहापट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र, झाकणाच्या दोनतीन काचेच्या बरण्या, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी. मोबाइल गटात एकच ठेवा आणि तो मोठ्यांपैकी एकाकडे असू द्या. हातात मोबाइल असला की मुलं आधी फोटो काढतात आणि पाहायचं राहून जातं.

सुरक्षेचे नियम थोडे असावेत, पण ते पक्के असावेत. एकट्याने कुठे जायचं नाही. दगड उचलायचा तर काठीने आणि पलीकडची कड आपल्याकडे ओढून, म्हणजे खाली काही असलंच तर त्याला आपल्यापासून लांब पळायला वाट राहते. उचललेला दगड होता तसा ठेवायचा. पावसानंतर वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. पालकांची लेखी संमती घ्या. मुलांचे फोटो कुठे वापरले जातील, हेही त्यात लिहा.

पहिली पायरी: आठवणीतला नकाशा

बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने एका कागदावर हा तुकडा आठवणीतून काढावा. वीस मिनिटं द्या. मोबाइल नाही, एकमेकांच्या कागदात डोकावणं नाही. नकाशे तयार झाले की भिंतीवर शेजारी शेजारी लावा. कोणाच्या नकाशात क्रिकेटचं मैदान निम्मा कागद व्यापतं, कोणाच्या नकाशात एक गल्लीच नसते. ती का नाही, हे हळूच विचारलंत तर कधी कळतं की तिथे भीती वाटते म्हणून ते मूल तिकडे जातच नाही. मुलींचे आणि मुलांचे नकाशे मुद्दाम जवळ ठेवून पाहा. फिरण्याच्या मुभेतला फरक अनेकदा कागदावर उघड दिसतो आणि त्यावर बोलायला हवं. चुका दुरुस्त करू नका. सगळ्या कागदांवर तारीख घालून ते वर्षअखेरपर्यंत बंद करून ठेवा.

मग पहिली फेरी. या फेरीत काहीच समजावून सांगायचं नाही. प्रत्येकाने चालता चालता दहा प्रश्न लिहायचे. मोठ्यांसाठी ही फेरी सर्वांत अवघड असते, कारण उत्तर येत असूनही गप्प राहावं लागतं. मुलांनी विचारलंच तर दोनच प्रतिप्रश्न करा: “तुला असं कशावरून वाटतं?” आणि “हे तपासायचं कसं?”

परतल्यावर प्रश्नांचे चार ढीग करा: नीट पाहून सुटणारे, मोजून सुटणारे, कोणाला तरी विचारून सुटणारे आणि कागदपत्रांत शोधावे लागणारे. ‘हा रस्ता इथेच का वाकतो’ हा प्रश्न कोणत्या ढिगात जातो, यावर मुलांना भांडू द्या. तो बहुधा चारही ढिगांत जातो, आणि असा प्रश्न सापडला की वर्षभराचं काम सापडलं.

दुसरी पायरी: जमीन

सुरुवात दिशेपासून करा. सपाट जागी एक काठी उभी रोवा आणि तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. अर्ध्या तासाने नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. दोन खडे जोडणारी रेषा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम असते आणि पहिला खडा पश्चिमेकडचा असतो. नंतर होकायंत्राशी ताडून पाहा. होकायंत्र मुलांनी पाहिलेलं असतं, पण सूर्यावरून स्वतः दिशा काढल्यावर त्यांचा त्या यंत्रावरचा विश्वास वेगळ्या जातीचा होतो.

मग पावलं मोजा. टेपने ५० मीटर आखून प्रत्येकाने ते अंतर नेहमीच्या चालीने तीनदा चालावं आणि सरासरी पावलं वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. आता प्रत्येकाला कुठलंही अंतर मोजता येतं. या पावलांनी आणि दिशांनी पूर्ण तुकड्याचा एक मूळ नकाशा काढा. त्यावर फक्त रस्ते, इमारतींच्या कडा आणि मोठी झाडं असू द्या. त्याच्या प्रती काढा, पुढची प्रत्येक नोंद यावरच चढणार आहे.

चढउतार डोळ्यांना फसवतो, म्हणून तो मोजायला हवा. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीत हवेचे बुडबुडे नाहीत याची खात्री करा. दोन मुलांनी एकेक टोक उभ्या पट्टीला लावून धरायचं. नळी स्थिर झाली की दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते, म्हणून दोन पट्ट्यांवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे जमिनीच्या उंचीतला फरक. पाचपाच मीटरवर असं मोजत पूर्ण रस्ता पार करा आणि आलेखाच्या कागदावर त्याचा उभा छेद काढा. आपण सपाट समजत होतो ती गल्ली माणसाच्या उंचीएवढी उतरते, हे कागदावर आलं की मुलं चमकतात. हा छेद जपून ठेवा, शेवटपर्यंत लागतो.

खडक बघायला पायाचे खड्डे, रस्त्यासाठी कापलेल्या कडा, ओढ्याचा काठ या जागा शोधा. दुरून उभं राहून चित्र काढा: वरचा थर किती जाड, रंग कुठे बदलतो, मुळं कुठवर जातात. तोच दगड जुन्या भिंतींत दिसतो का, हेही पाहा. जुन्या काळी जड दगड लांबून आणणं महाग होतं, म्हणून साध्या बांधकामाचा दगड बहुधा जवळचाच असतो. भिंतीत परका दगड दिसला तर तो कोणी, कशासाठी आणला, हा प्रश्न ‘विचारून सुटणारे’ या ढिगात टाका.

मातीसाठी बरणीची चाचणी करा. उताराचा माथा, मध्य आणि तळ अशा तीन जागांवरून वीतभर खोलीची माती घ्या, खडे-पालापाचोळा काढा. प्रत्येक बरणी एकतृतीयांश मातीने भरा, वर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब घाला, झाकण लावून पाच मिनिटं हलवा आणि मग अजिबात न हलवता ठेवा. पहिल्या मिनिटात जो थर बसतो तो वाळूचा. साधारण दोन तासांत त्यावर बारीक गाळ बसतो. चिकणमातीला एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. दर वेळी काचेवर खूण करा आणि थरांची जाडी मोजा. पाण्याबरोबर बारीक कण खाली वाहून येतात, त्यामुळे तळाच्या बरणीत चिकणमाती जास्त निघण्याची शक्यता असते. तशी निघाली नाही, उलट विटांचे तुकडे आणि प्लास्टिक निघालं, तर ती भराव घातलेली जमीन आहे. शहरात हे वरचेवर होतं. भराव कधी पडला आणि त्याखाली काय होतं, हे शोधताना मुलं आपोआप इतिहासात शिरतात.

तिसरी पायरी: पाणी

एक फेरी पाऊस पडत असताना किंवा थांबल्या थांबल्या करा. बऱ्याच ठिकाणी नेमकी हीच फेरी पावसामुळे रद्द होते, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण जमिनीने वर्षभर लपवलेला उतार त्या अर्ध्या तासात उघडा पडतो. विजा चमकत नसतील आणि पाणी घोट्याच्या खाली असेल तर जरूर जा. मूळ नकाशाच्या प्रतीवर पाणी जिकडे वाहतं तिकडे बाण काढा. कुठे साचतं, कुठे जमिनीत मुरतं, कुठे जाळीतून खाली जातं, ते टिपा. सगळे बाण जोडले की नकाशावर एक रेषा उमटते, जिच्या दोन बाजूंचं पाणी दोन वेगळ्या दिशांना जातं. तो त्या जागेच्या पाणलोटांमधला खरा दुभाजक. मग मोठ्या नकाशावर या पाण्याचा माग काढत नाला, नदी, समुद्र किंवा तलाव इथपर्यंत पोचा.

मुरण्याचा वेग मोजणं सोपं आहे. दोन्ही टोकं उघडी असलेला डबा जमिनीत दोनतीन सेंटिमीटर रुतवा, ठरावीक पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते मोजा. एकदा पायवाटेवर आणि एकदा झाडाखालच्या पालापाचोळ्यात. इतका मोठा फरक मुलांना सहसा अपेक्षित नसतो.

जुन्या शहरांत ओढे बुजवून किंवा झाकून त्यावर रस्ते केलेले असतात. लंडनची फ्लीट नदी आज जमिनीखालून वाहते. सेऊलमधला चंगेचॉन ओढा विसाव्या शतकाच्या मध्यात झाकला गेला, त्यावर उन्नत महामार्ग उभा राहिला, आणि २००३ ते २००५ या काळात तो महामार्ग पाडून जवळपास सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा केला गेला. तुमच्या तुकड्यात झाकलेलं पाणी आहे का, हे शोधायच्या खुणा अशा: बाकी सगळे रस्ते सरळ असताना नागमोडी जाणारी एकच गल्ली, दर पावसाळ्यात हटकून तुंबणारी जागा, कोरड्या दिवसांतही झाकणाखालून ऐकू येणारा वाहत्या पाण्याचा आवाज, इमारतींच्या रांगेत मध्येच पडलेली अरुंद मोकळी पट्टी, ओढा-पूल-घाट सुचवणारं पण आता भोवती पाणी नसलेलं ठिकाणाचं नाव. एका खुणेवर विसंबू नका. दोनतीन खुणा एका रेषेत आल्या आणि ती रेषा तुम्ही मोजलेल्या छेदाच्या तळातून गेली, तर जुन्या नकाशात बघायला जाण्याइतकं कारण मिळालं.

चौथी पायरी: झाडं, किडे, पाखरं

प्रत्येक मुलाने एक झाड आपलं म्हणून निवडावं. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, जगभरचे वनअधिकारी साधारण याच उंचीवर मोजतात. झाडाची उंची काढायला आपल्या डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी हात लांब करून उभी धरा आणि मागे मागे जा. काठीचं खालचं टोक बुंध्याला आणि वरचं टोक शेंड्याला जुळलं की थांबा. सपाट जमिनीवर तुमचं झाडापासूनचं अंतर म्हणजे झाडाची उंची.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्याच झाडाची नोंद करायची: नवी पालवी, कळी, फूल, फळ, पानगळ, त्यावर कोण आलं. तारीख विसरायची नाही. अशा साध्या नोंदींचं वजन काळाबरोबर वाढतं. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालू ठेवलं. जपानमधल्या क्योतोमध्ये चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. त्यांच्याशी ताडून पाहिल्यामुळेच कळलं, की २०२१ मधला २६ मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा होता. दोन्हीकडे लागलं ते चिकाटीने तारीख लिहिणं, आणि ते दहा वर्षांच्या मुलालाही जमतं.

गवतात एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट टाका आणि गटाने तिच्यात वीस मिनिटं घालवा. किती प्रकारची पानं, किती प्रकारचे किडे, किती जमीन उघडी, हे मोजा. नावं माहीत नसतील तर मुलांनी आपली नावं द्यावीत: ‘केसाळ पान’, ‘लाल पायांचा’. खरं नाव आधी सांगितलं की पाहणं तिथेच संपतं, असा माझा अनुभव आहे. वेगळेपण ओळखू दे, नाव नंतर येईल. अशीच चौकट पायवाटेजवळ, झाडाखाली आणि पडीक कोपऱ्यात टाकून तुलना करा.

पाखरांसाठी एका जागी दहा मिनिटं स्थिर बसा आणि जे दिसेल, ऐकू येईल ते लिहा. त्याच जागी, त्याच वेळी, पुढच्या महिन्यात पुन्हा बसा. घरट्याजवळ रेंगाळू नका आणि पक्षी जवळ यावेत म्हणून त्यांचे आवाज मोबाइलवर वाजवू नका, त्यांचा जीव त्यात घाबरा होतो.

झाडांच्या सालीवर आणि जुन्या भिंतींवर दगडफुलं (लायकेन) शोधा. १८६६ मध्ये विल्यम निलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातल्या दगडफुलांचा संबंध हवेच्या शुद्धतेशी जोडला होता. झुडपासारख्या फांद्या फुटणारे प्रकार प्रदूषणाला सर्वांत नाजूक, तर सालीला चिकटून पापुद्र्यासारखे पसरणारे त्यामानाने चिवट. मोठ्या रस्त्यालगतची पाच झाडं आणि आतल्या गल्लीतली पाच झाडं पाहून फरक मांडा. मात्र फरकाचं कारण हवाच असेल असं नाही. सालीचा प्रकार, सावली आणि ओल यांचाही परिणाम होतो, म्हणून शक्यतो एकाच जातीची झाडं निवडा.

ओळख पटवायला साधनं आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो, तारीख आणि जागा टाकली की इतर लोक ओळख पटवायला मदत करतात. १३ वर्षांखालच्या मुलांनी तिथे स्वतःचं खातं उघडू नये. त्यांच्यासाठी त्याच मंडळींचं सीक हे ॲप बरं, त्याला नोंदणी लागत नाही. पक्ष्यांसाठी मर्लिन हे ॲप आहे. ॲपने सुचवलेलं नाव हा अंदाज आहे, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगा, आणि तो अंदाज बरोबर ठरवणाऱ्या दोन खुणा वहीत लिहायला लावा. घराचं नेमकं ठिकाण आणि मुलांचे चेहरे कुठेही चढवू नका.

पाचवी पायरी: माणसं

आता इतिहास. तोही जमिनीपासूनच सुरू करा. मूळ नकाशावर आजचा जमीनवापर रंगवा: घरं, दुकानं, शेती, झाडी, रस्ते, पडीक. मुलांचं काम म्हणून हे किरकोळ समजू नका. १९३० च्या दशकात भूगोलज्ञ डडली स्टँप यांनी ब्रिटनच्या जमीनवापराचं सर्वेक्षण केलं, तेव्हा प्रत्यक्ष फिरून नकाशे भरणाऱ्यांत शाळकरी मुलं मोठ्या संख्येने होती. मैलाला सहा इंच प्रमाणाच्या नकाशांवर त्यांनी शेतन् शेत नोंदवलं, आणि दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्य वाढवण्यासाठी कुठली जमीन नांगरावी हे ठरवताना ते नकाशे उपयोगी पडले.

त्यानंतर जुने नकाशे मिळवा. जमीनमोजणी खातं, अभिलेखागार, सार्वजनिक ग्रंथालय, स्थानिक प्रशासनाचं नगररचना कार्यालय, असं एकेक दार ठोठवा. पत्र मुलांनीच लिहावं. काय हवं, कोणत्या भागाचं आणि कशासाठी, हे त्यात नेमकं असू द्या. अलीकडच्या बदलांसाठी उपग्रहाच्या प्रतिमा आहेत. पहिला लँडसॅट १९७२ मध्ये उडाला आणि २००८ पासून तो सगळा साठा मोफत पाहता येतो. जुना नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून तुमच्या मूळ नकाशावर ठेवा आणि तीन रंगांत खुणा करा: तेव्हा होतं आणि आज आहे, तेव्हा होतं पण आज नाही, आज आहे पण तेव्हा नव्हतं. दुसऱ्या रंगाच्या जागी प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. आता उताराचा छेद आणि पाण्याचे बाणही शेजारी मांडा. सर्वांत जुनी घरं पुराच्या रेषेच्या वर आहेत का? जुना रस्ता उंचवट्याच्या कडेने जातो का? सर्वांत शेवटी वसलेले लोक साचणाऱ्या पाण्यात राहतात का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेक ठिकाणी ‘हो’ असतं. मुलांपासून ते झाकून ठेवू नका.

जमिनीवरच्या खुणा वाचायला शिकवा. भिंतीत बुजवलेलं दार, वेगवेगळ्या मापांच्या विटांचे दोन टप्पे, रस्त्याच्या पातळीखाली गेलेला उंबरा, गटाराच्या लोखंडी झाकणावरचं कारखान्याचं नाव, मोकळ्या माळावर सरळ ओळीत उभी जुनी झाडं. कडक उन्हाळ्यात गवतही बोलतं: जमिनीखाली जुनी भिंत असेल तर वरचं गवत लवकर सुकतं, जुना चर असेल तर जास्त वेळ हिरवं राहतं. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजजवळ शेतात असंच एक प्रागैतिहासिक वर्तुळ ड्रोनमधून दिसलं. कुठे काही जुनं सापडलं तर खणायचं नाही, उचलायचं नाही. फोटो आणि जागा नोंदवून पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

मुलाखतींना सर्वांत जास्त वेळ द्या. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांमधल्या ५०,००० च्या आसपास मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी, जागांच्या कहाण्या, जुने कारागिरीचे तपशील वहीत उतरवले. तो संग्रह आज तिथला राष्ट्रीय ठेवा आहे.

मुलाखतीला मुलांनी दोघादोघांनी जावं, एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि एखादं मोठं माणूस जवळपास असावं. आवाज मुद्रित करायचा असेल तर आधी विचारा आणि परवानगीचं वाक्यही मुद्रणात येऊ द्या. “जुना काळ कसा होता?” असं विचारलं तर “चांगला होता” एवढंच हाती लागतं. त्याऐवजी मूळ नकाशा समोर ठेवा आणि विचारा: लहानपणी घरातून निघून शाळेत कोणत्या वाटेने जायचात? पाणी कुठून आणायचात? कुठे जायला मनाई होती? पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हात लावून दाखवाल का? नकाशावर बोट फिरू लागलं की आठवणी आपोआप सुटतात. मग गप्प बसा. थांबलेल्या माणसाला घाईने पुढचा प्रश्न विचारू नका, आठवायला वेळ लागतो. एखादी आठवण दुखरी निघाली तर विषय बदलायची मोकळीक त्यांना द्या.

कोणाला विचारलं याची यादी मधूनमधून तपासा. मुलं ओळखीच्या, बोलक्या आणि बहुतेकदा पुरुष माणसांकडेच जातात. इमारत बांधणाऱ्याचं नाव पाटीवर असतं, पाया खणणाऱ्यांचं नसतं. घरकाम करणाऱ्या बाया, सफाई कामगार, भाड्याने राहणारे, मागच्याच वर्षी आलेले आणि इथून हटवले गेलेले, हे सगळे त्या तुकड्याचा इतिहास जाणतात. त्यांची वेळ त्यांच्या सवडीने मागा. दोन माणसांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही नोंदवा, कोणाला खोटं ठरवू नका. मग कागद, नकाशा आणि जमीन यांपैकी काय कोणाच्या बाजूने बोलतं, ते मुलांनी पाहावं.

सहावी पायरी: नोंद दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी ठेवा

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यातच: कधी, कुठे, कोणी, कसं. फोटो कुठून, कोणत्या दिशेला तोंड करून काढला, हे लिहिलं तर पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहून दुसरा फोटो काढता येतो. अशा पाचसहा कायमच्या जागा ठरवून त्या मूळ नकाशावर आकड्यांनी दाखवा. पाहिलेलं आणि अंदाजाने लिहिलेलं वेगळ्या रंगात ठेवा. खुले नकाशे आवडत असतील तर २००४ पासून चालत आलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर पाणपोया, बाक, पायवाटा, पायऱ्या मुलांना मोठ्यांच्या मदतीने भरता येतात. दुर्मीळ वनस्पतींच्या आणि घरट्यांच्या जागा मात्र उघड करू नका.

वर्षाच्या शेवटी सुरुवातीचे बंद केलेले नकाशे काढा आणि त्याआधी प्रत्येकाला नवा एक आठवणीतून काढायला लावा. दोन्ही शेजारी ठेवून मुलांनाच फरक सांगू द्या. मग प्रदर्शन भरवा, पण शाळेच्या सभागृहात भरवू नका, त्याच तुकड्यात, येणाजाणाऱ्यांना दिसेल असं लावा. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला बोलवा आणि त्यांच्या शब्दांची प्रत त्यांच्या हातात द्या. लोक नकाशापुढे उभे राहून चुका दाखवतील, त्या लिहून घ्यायला एक मूल कायम तिथे बसवा.

काम करताना बहुतेक वेळा एखादी अडचणही सापडते: बुजत चाललेला ओढा, तोडायला काढलेलं झाड, दर पावसात तुंबणारी वस्ती. मुलांनी ती स्थानिक प्रशासनाकडे न्यावी. एका पानाचं निवेदन पुरेसं असतं: जागेचा नकाशा, तारखांसकट मोजमापं, दोन फोटो आणि एकच नेमकी मागणी. पोच घ्या. भेटीला मोठ्यांनी सोबत जावं, पण बोलणं मुलांनी करावं. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पोचेचा क्रमांक घालून पुन्हा लिहा. मूळ वह्या कोणालाही देऊ नका. त्यांची एक प्रत शाळेत, एक जवळच्या ग्रंथालयात ठेवा, आणि पुढच्या वर्षीचा गट त्या वह्यांपैकी एकीतला न सुटलेला प्रश्न घेऊन सुरुवात करू शकेल अशा रीतीने प्रत्येक वहीचं शेवटचं पान उरलेल्या प्रश्नांसाठी राखून ठेवा.